दुसरा राखणदार

डिसेंबर लागला की निफाड तालुक्याला वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जागा मिळते. एरवी कांद्याचे भाव कोसळले तरच आमची आठवण होते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर पहाटेचा पारा नोंदवला जातो आणि दुपारपर्यंत तो आकडा मुंबईकरांच्या मोबाइलवर फिरू लागतो. २०१८च्या डिसेंबरअखेरीस पारा १.८ अंशांवर उतरला होता. मुंबईत त्याची मौज वाटते. पिंपळगाव बसवंतमध्ये त्याचा अर्थ तडकलेले मणी आणि थांबलेली फुगवण. दिवसा ऊन आणि पहाटे कडाका असं चाललं की पांढऱ्या द्राक्षावर गुलाबी झाक येते. शाळेत न गेलेला मजूरसुद्धा तिला ‘पिंक बेरी’ म्हणतो, कारण निर्यातवाला तोच शब्द उच्चारून माल नाकारतो. म्हणून घडांना कागद गुंडाळायचे, पहाटे ठिबक सोडायचं (विहिरीचं पाणी तेव्हा हवेपेक्षा उबदार असतं) आणि बांधाच्या कडेनं शेकोट्या पेटवायच्या.

ऊब कुठून आणायची आणि किती आणायची हा प्रश्न आमच्या गावाला नवा नाही. मला तो पडला एका धामणीमुळे. त्याचं उत्तर देणाऱ्या माणसाचं देणं अजून माझ्या अंगावर आहे.

मी इथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवतो, आणि गावात साप निघाला की लोक मला बोलावतात. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले, त्या गोष्टीवर आमची सर्पमित्रांची अख्खी पिढी पोसली गेली. साप धरण्याच्या गोष्टींना श्रोते मिळतात. जखमी साप धरून आणल्यावर पुढं काय करायचं, हे विचारायला कोणी येत नाही. त्यात थरार नाही, वायरिंग आहे.

नानांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान चिंचखेड चौफुलीच्या अलीकडे होतं. दारात जळालेल्या मोटारींचा ढीग, आत वॉर्निशचा वास, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं. आमची ओळख झाली ती त्या रिळांमागं नाग शिरला तेव्हा. मी पोहोचलो तर दुकानात कोणीच नाही. नाना रस्त्याच्या पलीकडं, टपरीच्याही मागं उभे. तिथूनच हातवारे करून सांगत होते, डावीकडं, आणखी डावीकडं. नाग बरणीत गेला, झाकण लागलं, बरणी पिशवीत गेली, तरी ते रस्ता ओलांडेनात. “मास्तर, मी चारशे चाळीस व्होल्टला हात लावंन, पण ह्याच्या वाटंला जाणार नाही,” ते तिथूनच ओरडले. पैसे देऊ लागले, ते मी घेतले नाहीत. ‘मग हे माझ्या अंगावर राहिलं’ असं म्हणून त्यांनी खिशातली वही काढली आणि काहीतरी लिहिलं. गिऱ्हाइकांचे जमा-नावे त्या वहीत असत. माझं नाव त्यांनी जमेला टाकलं.

धामण आली ती त्या कडाक्याच्या हंगामात. एका बागाईतदाराच्या पॅकिंग शेडमध्ये पाखरांपासून राखणीची नायलॉनची जाळी घडी करून ठेवलेली होती. उंदरामागं शिरलेली धामण तीत अडकली, सुटायला वळवळली आणि दोरा कातडीत रुतत गेला. सहा फुटांचं जनावर, मधोमध कातरल्यासारखी जखम. मी जाळी कापली, वनखात्याला कळवलं, पशुवैद्यांकडं नेलं. हे इथंच सांगून टाकतो: आपल्याकडचा कोणताही रानटी साप घरात पाळणं वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. जखमी साप ठेवायचा तो वनखात्याच्या माहितीनं आणि बरा होईपर्यंतच. डॉक्टरांनी जखम धुतली, टाके घातले, इंजेक्शनं लिहून दिली आणि म्हणाले, “ऊब मिळाली नाही तर यातलं काही लागू पडणार नाही.”

कारण साधं आहे. सापाचं शरीर एरवी अंग उबदार ठेवण्याइतकी उष्णता तयार करत नाही. ऊन लागतं तेवढाच त्याचा कारभार चालतो. गारठ्यात पोटातलं भक्ष्य पचत नाही, ते कुजतं नाहीतर उलटून पडतं. छातीत कफ भरतो. औषध रक्तात मंद फिरतं, जखम भरून येत नाही. धडधाकट धामण बिळात पडून राहून हिवाळा काढते. जखमीला ते परवडत नाही. तिला एका बाजूला तीसेक अंश आणि दुसऱ्या बाजूला पंचविसाच्या आतबाहेर, अशी पेटी हवी होती. रात्री माझ्या पडवीत सहा अंश.

मी नानांकडं गेलो. साप म्हणताच ते खुर्चीतून उठले. “बरोबर आणला तर नाही ना?” नाही म्हटल्यावर बसले, चहा सांगितला आणि उलटतपासणी सुरू केली. पेटी केवढी? लाकडाची की काचेची? आत पाणी ठेवणार? भांडं लवंडलं तर पाणी कुठं जाणार? वीज किती वेळ जाते? रात्री तिच्यापाशी कोण असतं? जनावर सरळ पडून राहतं की वर चढतं? सापाबद्दल आयुष्यात काही न वाचलेल्या त्या माणसाचे प्रश्न ऐकून मी गार झालो. पुढं कधी कोणी सापाच्या पेटीबद्दल विचारलं की मी हीच यादी पुढं करतो. तीत फारशी भर घालावी लागलेली नाही.

मग एकेक पर्याय बाद होत गेले. शंभराचा बल्ब आत सोडायचा, असं बहुतेक जण करतात. नाना म्हणाले, “चढणारं जनावर गरम वस्तूला विळखा घालंल का नाही? घालंल. मग?” शिवाय रात्रभर उजेड, तो सापालाही नको आणि मलाही. पाठ शेकायची इलेक्ट्रिक पिशवी त्यांनी हातात घेऊन दाबून पाहिली. “ही माणसासाठी आहे. माणूस भाजला की ओरडतो.” कॉइलचा रूम हीटर? त्यावर ते काहीच बोलले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले. तळाखाली चिकटवायची हीटिंग मॅट हा परदेशात पुष्कळ चालणारा उपाय. ती वाईट नाही, पण अटी फार. तळाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त जागा झाकायची नाही, काचेच्या बाहेरून लावायची, खाली हवा खेळती ठेवायची आणि वर भुशाचा जाड थर द्यायचा नाही, नाहीतर उष्णता कोंडून काच तापत जाते. कंट्रोलरशिवाय तर लावायचीच नाही.

शेवटी ठरला सिरॅमिक हीटर. दिसायला बल्बसारखा, पण उजेड न देणारा. तो मी नाशिकहून आणला. नानांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिला. चालू असताना याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या पुढं जातो, असं मी सांगताच प्लास्टिकचा होल्डर त्यांनी कचऱ्यात टाकला आणि चिनी मातीचा जुना होल्डर शोधून काढला. पेटी म्हणून मिठाईच्या दुकानातून मोडीत निघालेलं शोकेस मिळालं. त्याच्या छताला एका टोकाशी चौकोन कापून जाळी बसवली आणि हीटर जाळीच्या वर, म्हणजे पेटीच्या बाहेर टांगला. ऊन वरून येतं, तर ऊबही वरूनच यावी. तीन बाजूंना बाहेरून थर्माकोल आणि बारदान, पण हीटरपासून वीतभर लांब. पाण्याचं भांडं थंड टोकाला. वायर आत शिरते तिथं तिला खाली झोळ दिला, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी जोडापर्यंत न जाता झोळातूनच ठिबकून पडतं.

कंट्रोलर त्यांनी अंडी उबवण्याच्या पेटीतला घेतला, एसटीसी-१०००. आमच्याकडं कोंबडीवाल्यांच्या घरोघरी तो असतो. काळी छोटी डबी, पुढं लाल आकडे, मागून निघालेली बारीक वायर आणि तिच्या टोकाला तापमान ओळखणारा प्रोब. सगळा खेळ त्या प्रोबचा. तो सुटून थंड टोकाला पडला तर डबीला वाटणार अजून गारच आहे, आणि ती हीटर चालूच ठेवणार. म्हणून नानांनी तो गरम टोकाला, साप पहुडेल त्या उंचीवर, पत्र्याच्या पट्टीखाली स्क्रूनं आवळून बसवला. सेलोटेपला हात लावू दिला नाही. सापाच्या अंगाला टेप चिकटली तर सोलून निघते, हे मी सांगणार होतो. त्यांचं कारण निराळंच होतं. “गरमीत गोंद सुटतो,” ते म्हणाले. फरक दोन अंशांचा लावला, म्हणजे तिसाला बंद आणि अठ्ठाविसाला चालू. अर्ध्या अंशाचा ठेवला तर डबीतला, हीटर चालू-बंद करणारा रिले दिवसभर टकटक करतो आणि कॉन्टॅक्ट जळतात.

इथवर कोणीही हुशार वायरमन पोहोचला असता. पुढचं नानांचं.

“आता सांगा मास्तर, रिले चिकटला तर?” त्यांनी विचारलं. कॉन्टॅक्ट वितळून एकमेकांना चिकटले की डबीवर ‘बंद’ दिसतं आणि हीटर चालूच राहतो. “माझ्याकडं येतं ते सगळं जळालेलंच येतं. चांगली चालणारी मोटार मी तीस वर्षांत पाह्यली नाही. जळालेल्या प्रत्येक मोटारीला स्टार्टर होता, ओव्हरलोड होता. कोणी तो बायपास केलेला, नाहीतर तो चिकटलेला.” आमच्याकडं रात्री थ्री-फेज आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून शेतकरी ऑटो स्विच लावतात. वीज येताच गावच्या सगळ्या मोटारी एकदम उचल खातात, व्होल्टेज बसतं, कधी एक फेज उडते, आणि सकाळी नानांच्या दारात रांग. बंदोबस्त होता, तरी जळालं, हे त्यांच्या रोजच्या धंद्यातलं वाक्य होतं.

गिझर उघडून त्यांनी मला दाखवला. त्यात एक थर्मोस्टॅट असतो आणि एक कटआउट. थर्मोस्टॅटनं दगा दिला की कटआउट लाइन तोडतो. “दोन राखणदार,” नाना म्हणाले, “आणि दोघं वेगवेगळ्या जातीचे पाहिजेत. दोन डिजिटल लावले तर एकाच झटक्यात दोन्ही मरतील.” मग टिनाच्या डब्यातून त्यांनी बटणाएवढा बायमेटल कटआउट काढला. त्याच्या अंगावर ४० छापलेलं होतं. आतली दोन धातूंची चकती चाळीस अंशांना टक् करून उलटते आणि सर्किट तुटतं. ना प्रोग्रॅम, ना आकडे. तो त्यांनी हीटरच्या वायरीत कंट्रोलरच्या पुढं जोडला आणि पेटीच्या आत, छताजवळ बसवला. मेन लाइनला, वीज गळताच लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, कारण आत पाणी आणि बाहेर काळजीनं डोकावणारा मास्तर.

तेवढ्यानंही त्यांचं समाधान झालं नाही. पेटी रिकामीच रात्रभर चालवली. दुसऱ्या दिवशी भर दुपारी कंट्रोलर मुद्दाम वगळून हीटर सरळ लाइनवर टाकला, पारा कुठवर चढतो ते पाहायला. आम्ही दोघं काचेसमोर स्टुलं टाकून बसलो. छत्तीस. अडतीस. एकोणचाळीसला नानांनी हातातला चहा खाली ठेवला. टक् असा आवाज आला आणि हीटर बंद पडला. नाना हसले. गिऱ्हाइकाच्या मोटारीनं पहिल्या झटक्यात पाणी ओढलं तरी ते इतके हसत नसत. त्यावरही ते म्हणाले, हीटर एवढा मोठा नकोच, कमी वॅटचा आणा. राखणदार दोघंही झोपले तरी जनावर मरू नये. मी दुसरा आणला. थंडीनं साप मंदावतो, उष्णतेनं तो तासाभरात जातो. त्यामुळं चूक व्हायचीच असेल तर ती गारव्याच्या बाजूला व्हावी. सापांची इंग्रजी पुस्तकं मी पुष्कळ वाचली आहेत, पण हे इतकं स्वच्छ मला एका रिवाइंडरनं सांगितलं.

वीज जाण्यावर उपाय आईनं काढला. गरम पाण्याच्या बाटल्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून, पेटीच्या एकाच टोकाला.

धामण राहिली, भरली, कात टाकली. कातीवर जखमेच्या जागी आडवी घडी पडलेली होती. ऊन तापू लागल्यावर वनखात्याच्या माणसासमोर तिला कादवाकाठी सोडली. नाना आले होते, पण गाडीतून उतरले नाहीत. काच पूर्ण वर.

पेटी मात्र पडून राहिली नाही. पुढं नाशिकचा एक तरुण बॉल पायथॉन घेऊन आला. हा अजगर आफ्रिकेतला, पाळीव म्हणून जगभर विकला जाणारा. वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळं आता २०२४च्या नियमांप्रमाणं अशा प्राण्याची सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. परदेशी सापांच्या हौशीबद्दल माझं मत फारसं बरं नाही, पण दारात आलेलं जनावर भाजलेलं होतं. पोटाचे खवले हाताएवढ्या पट्ट्यात तपकिरी होऊन सुटले होते. त्यानं पेटीत ‘गरम दगड’ ठेवला होता: सिमेंटसारख्या ठोकळ्यात हीटरची तार, थेट प्लगला जोडलेली. असा दगड चटका देत असला तरी साप त्यावरून उठत नाही, हे पशुवैद्यांना नेहमी दिसतं. बाकीची पेटी गार असेल तर तो जाईल तरी कुठं? डॉक्टरांनी सिल्व्हर सल्फाडायझिनचा लेप चालू केला. अशी जखम भरायला एकामागून एक काती जाव्या लागतात.

नानांनी अजगर पाहायला नकार दिला, पण दगड मागून घेतला. छिन्नीनं फोडला. आत तार एका ठिकाणी दाटीनं वळलेली आणि दुसरीकडं विरळ. त्यांनी बोट ठेवलं. “हे बघा, हॉट स्पॉट. वाइंडिंगमध्ये असंच असतं. वरून हात लावला तर मोटार कोमट, आणि आत एका जागी इन्शुलेशन करपलेलं.” मग त्यांनी त्या तरुणाच्या फोनवर अजगराच्या पोटाचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. सापाच्या फोटोकडं मी त्यांना इतका वेळ बघताना कधी पाहिलं नव्हतं. त्या मुलासाठी त्यांनी तशीच पेटी करून दिली आणि मजुरी पुरेपूर लावली. माझ्याकडून सामानाचेच पैसे घेत. “त्याचं नाव माझ्या जमेला नाही,” असं त्यांचं स्पष्टीकरण.

या निमित्तानं मी त्यांना भारतीय अजगराच्या मादीची गोष्ट सांगितली होती. ती अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि अंगाचे स्नायू सतत आखडत राहून स्वतः ऊब निर्माण करते. १९६६ साली ‘सायन्स’मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या मादीवरचं संशोधन आलं. हवा जितकी गार, तितके तिचे झटके वाढत, आणि ती भोवतालापेक्षा चार-पाच अंश जास्त ऊब धरून राहत असे. नानांनी पाना खाली ठेवला. “म्हंजे बाहेर थंडी वाढली की हिचा करंट वाढतो. न चिकटणारा रिले.” नंतर जरा थांबून, “आणि हिचा कटआउट कुठं?” मला उत्तर आलं नाही. दुपारी ती अंगाचं आखडणं थांबवते एवढं मी सांगू शकलो. ते त्यांना पटलं, पण पुरेसं वाटलं नाही.

कोरोनाच्या काळात सगळ्यांच्या हातात कपाळाचं तापमान बघायच्या बंदुका आल्या. एक नानांनीही घेतली आणि पेटीवर रोखली. आकडा येईना, नुसतं ‘लो’. माणसाच्या मोडमध्ये ती ताप मोजण्यापुरतंच बघते. सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी तिला पृष्ठभागाच्या मोडवर आणलं आणि मग दुकानातली प्रत्येक वस्तू मोजत सुटले: मोटारी, चहाची किटली, माझं टक्कल. पेटीच्या तळावर गरम कोपरा कुठं पडतो हे त्यांनी खडूनं आखून दिलं. आता प्रोब नुसता डबीशी बोलतो. माझा विश्वास त्या खडूच्या रेघेवर.

नाना गेल्यावर दुकान मुलगा बघतो. सापाला तोही भितो, पण बापाइतका नाही, दारापर्यंत येतो. दर वर्षी दिवाळी झाली की न बोलावता पेटी घेऊन जातो, रिले बदलतो, कटआउट उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून उलटतो का ते बघतो, आणि पेटी परत आणून देतो. सोबत पावती. त्यावर रिलेची किंमत, आणि मजुरीच्या रकान्यात आडवी रेघ.

यंदा मी भांडलो. वीस लोकांच्या मोटारी खोळंबलेल्या असताना तू माझी पेटी घेऊन बसतोस, मजुरी घे, असं सुनावलं. त्यानं नानांची वही आणून समोर धरली. माझ्या नावापुढं नागाच्या दिवसाची नोंद, आकडा नाही, नुसतं ‘जमा’. खाली नानांनी पुढच्या प्रत्येक हिवाळ्याला सामानाचा हिशेब मांडलेला, पण ती जमा कुठंच वजा केलेली नव्हती.

“ही बाकी संपल्याशिवाय मजुरी कशी लावू, सर?”

त्याला म्हटलं, तो नाग काढायला मला दहा मिनिटं लागली होती. या पेटीत किती जनावरं राहून गेली त्याचा हिशेब लाव आणि माझं नाव नावे टाक. त्यानं वही मिटली, ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहिलं आणि पुढच्या वर्षी वायरही बदलावी लागेल असं सांगून गेला.